विश्लेषण : शहर येण्याआधी पाण्याचा हिशेब... विश्वेश्वरय्यांच्या आयुष्यातून उलव्याने काय घ्यावे?

विमानतळ सुरू झाला, अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकल धावू लागली. उलव्यातील टॉवर दर वर्षी वाढत आहेत. पण या भागाचे पाणी येते ते पेण तालुक्यातील हेटवणे धरणातून, आणि त्या धरणाची क्षमता टॉवरच्या वेगाने वाढत नाही. वाढत्या शहराला पुढच्या ३० ते ५० वर्षांचे पाणी कसे राखून ठेवायचे, हा प्रश्न भारतात ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत पद्धतशीरपणे हाताळला, त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. त्यांच्या नोकरीची पहिली २४ वर्षे मुंबई इलाख्यात गेली, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. त्यांचे आयुष्य पाण्याच्या नियोजनाबद्दल काय सांगते आणि त्याचा उलव्याशी काय संबंध?

उलव्याचा प्रश्न नेमका काय?

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही उलव्यासारख्या खाडीकाठच्या भागात पाणी टिकत नाही. डोंगरावरून उतरलेले पाणी काही तासांत खाडीला मिळते. खाडीलगत विंधण विहीर खोदली तर पाणी खारट लागण्याची भीती असते. त्यामुळे पाऊस चार महिन्यांचा आणि तहान बारा महिन्यांची, हे कोडे धरणानेच सुटते.

नवी मुंबईसाठी सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवण्याची कल्पना त्याहून जुनी. मुंबई महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक आणि नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांच्या १९४८ च्या आराखड्यातही ती होती. याच मोडक यांचे नाव वैतरणेवरील मोडक सागर जलाशयाला मिळाले. मुंबईने विहार (१८६०), तुळशी (१८७९), तानसा (१८९२) आणि मग वैतरणा अशी एकेक पायरी चढत पाणी आणले. नवी मुंबई महापालिकेने मोरबे धरण घेतले आणि स्वतःच्या हद्दीचा प्रश्न बराच सोडवला. उलवे मात्र त्या हद्दीत नाही. ते पनवेल तालुक्यात, सिडकोच्या अखत्यारीत आहे आणि त्याची भिस्त हेटवण्यावर आहे. जलवाहिनी दुरुस्तीसाठी बंद ठेवली, की इमारतींच्या तळटाक्या रिकाम्या होतात आणि टँकर दिसू लागतात.

विश्वेश्वरय्यांनी उलव्यात कधी काम केले नाही. पण त्यांच्यासमोर आलेली शहरे याच अवस्थेत होती. लोक वाढत होते, स्रोत दूर होता, पैसा अपुरा होता आणि त्याच पाण्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हक्क होता.

पुण्याशी नाते कसे जुळले?

विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या गावचा. हे गाव आज कर्नाटकातील चिक्कबल्लापूर जिल्ह्यात आहे. जन्मवर्ष काही नोंदींत १८६० तर काहींत १८६१ असे आढळते. वडील संस्कृतचे जाणकार होते, पण घरची परिस्थिती बेताची. मुलगा शाळेत असतानाच वडील गेले. पुढचे शिक्षण बंगळूरुत शिकवण्या करून झाले. १८८१ मध्ये बी.ए. झाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हीच संस्था पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते इलाख्यात पहिले आले.

१८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची सहायक अभियंता म्हणून नेमणूक झाली आणि ते नाशिकला रुजू झाले. सुरुवातीच्या कामांपैकी एक खानदेशात होते. पांझरा खोऱ्यातील एका प्रवाहाखालून नळाचा सायफन टाकून पाट पलीकडे न्यायचा होता. ऐन पावसाळ्यात पूर येत राहिला, वाळूने काम भरून जाई. काम पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांना सुचवले, तेव्हा वरिष्ठांची नाराजी ओढवली. अखेर त्यांनी ते काम पुरे करून दाखवले. नदी कागदावरच्या वेळापत्रकाने चालत नाही, हा धडा त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षांत मिळाला.

सक्करला पैसे नसताना शुद्ध पाणी कसे मिळाले?

सिंध त्या काळी मुंबई इलाख्यात होता. सिंधू नदीकाठच्या सक्कर शहराला पाणी देण्याचे काम १८९४ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांकडे आले. नदी दाराशी होती, पण पाणी गढूळ. ते गाळण्यासाठी मोठे गाळण टाके बांधायचे तर नगरपालिकेला तो खर्च झेपणारा नव्हता.

विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदली. वाळूच्या थरांतून झिरपून आलेले पाणी नैसर्गिकरीत्याच गाळले जाई. ते नळाने काठावर आणून पंपाने वर चढवले गेले. टाक्यांचा खर्च वाचला आणि शहराला स्वच्छ पाणी मिळाले.

दीर्घकालीन नियोजन म्हटले की मोठे धरण आणि हजारो कोटींचा आकडा डोळ्यांसमोर येतो. सक्करमध्ये क्रम उलटा होता. शहराची ऐपत किती, जवळ काय आहे आणि त्यातून काय साधेल, हे आधी पाहिले गेले. त्यानंतर सुरतच्या पाणीपुरवठ्याचे कामही त्यांनी हाताळले.

खडकवासल्यात धरण न वाढवता साठा कसा वाढला?

विश्वेश्वरय्यांचे महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले काम पुण्याजवळचे. १८९९ मध्ये ते पुण्याचे कार्यकारी अभियंता झाले. मुठेवरील खडकवासला धरण १८७० च्या दशकात बांधलेले. पुणे आणि लष्कर छावणीचे पिण्याचे पाणी व मुठा कालव्यांचे सिंचन त्यावर अवलंबून होते. मागणी वाढत होती. दर पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचे पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडे.

धरणाची भिंत वाढवणे हा सरळ उपाय होता. पण जुन्या भिंतीवर जास्त भार टाकणे धोक्याचे आणि खर्चिक होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवण्याची योजना मांडली. १९०३ मध्ये ती प्रत्यक्षात आली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत आले तरी दारे मिटलेली राहत. त्याहून पाणी चढू लागले, की पाण्याच्याच जोरावर, वजनांच्या समतोलाने दारे उघडत. पूर ओसरला की ती आपोआप मिटत. त्यासाठी मध्यरात्री मुसळधार पावसात माणसाने चाक फिरवत बसण्याची गरज नव्हती.

या दारांमुळे पाण्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वर ठेवता आली आणि साठ्यात जवळपास पावपट भर पडली. नवे गाव बुडाले नाही, नवी भिंत उभी राहिली नाही. ही रचना पुढे ग्वाल्हेरजवळच्या टिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही वापरली गेली. या शोधाचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकरीत असताना लावलेल्या शोधाचे मानधन घेणे त्यांना योग्य वाटले नाही आणि ते त्यांनी नाकारले.

आजच्या भाषेत सांगायचे, तर नवे धरण मागण्याआधी असलेल्या धरणातून किती पाणी सुटते, जलवाहिनीत किती गळते आणि शुद्धीकरण केंद्र किती झेपवते, हे त्यांनी आधी तपासले असते.

पाणी वाटण्याच्या पद्धतीवरून वाद का झाला?

साठा वाढवणे हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे वाटप. दख्खनच्या कालव्यांवर त्या काळी एक विचित्र चित्र होते. कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी ऊस लावून हवे तेवढे पाणी घेत आणि शेपटाकडच्या गावांत पाणी पोहोचतच नसे. काही जमिनी अतिपाण्याने खारावत होत्या. जवळच्याच जमिनी कोरड्या राहत.

विश्वेश्वरय्यांनी यावर गट पद्धत सुचवली. गावाची जमीन गटांत विभागायची, प्रत्येक गटात पिकांची फेरपालट ठरवायची, म्हणजे तिसरा हिस्सा उसासारख्या बारमाही पिकाला आणि बाकी हंगामी वा कोरडवाहू पिकांना. पाणी मोजून आणि पाळीने द्यायचे. त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त गावांना लाभ मिळणार होता. नीरा कालव्यावर ही पद्धत सुरू झाली.

विरोध तीव्र झाला. ज्यांना आधीच भरपूर पाणी मिळत होते, त्यांना मोजमाप नको होते. बारामती, इंदापूरच्या बाजूला सभा झाल्या आणि वृत्तपत्रांतून टीका झाली. विश्वेश्वरय्या शेतकऱ्यांशी बोलत राहिले आणि आकडे पुढे करत राहिले. नंतर या पद्धतीला मान्यता मिळाली. १९०१ मध्ये नेमलेल्या भारतीय सिंचन आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली.

शहरातही हेच घडते. जलवाहिनीच्या सुरुवातीला असलेल्या वसाहतीत दाब चांगला असतो, शेवटच्या सेक्टरमध्ये नळ गुरगुरतो. मीटर, दाबाचे नियंत्रण आणि समान पाळी या गोष्टी कुणालाच आवडत नाहीत, पण त्यांच्याशिवाय नवे पाणीही असमानच वाटले जाते.

एडनने काय शिकवले?

१९०४ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याचे स्वच्छता अभियंता झाले. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. पुढील चार वर्षांत कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर अशा अनेक शहरांच्या पाण्याच्या आणि मैलापाण्याच्या योजना त्यांच्या हातून गेल्या.

१९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवण्यात आले. हे बंदर तेव्हा मुंबई इलाख्याच्या ताब्यात होते. पाऊस जवळपास नाही, जुन्या टाक्या कोरड्या आणि समुद्राचे पाणी तापवून गोडे करणे महागडे. विश्वेश्वरय्यांनी शहरात उपाय शोधला नाही. ते आतल्या भागात गेले. सुमारे ६० मैलांवर डोंगराळ भागात बऱ्यापैकी पाऊस पडतो आणि ते पाणी नदीच्या वाळूखालून वाहते, हे त्यांनी शोधले. तिथे विहिरी खोदून पाणी शहरात आणण्याची योजना त्यांनी मांडली.

शहर एका ठिकाणी आणि त्याचे पाणलोट दुसऱ्या ठिकाणी, हे एडनमध्ये ठळकपणे दिसले. उलव्याचेही तसेच आहे. त्याचे पाणी पेणच्या डोंगरात पडते. म्हणून त्या डोंगरांतील जंगल, खाणी, रस्ते आणि वस्ती हा उलव्याच्या पाणी नियोजनाचाच भाग ठरतो.

हैदराबादचा पूर आणि दोन तलाव

मुंबई इलाख्यात वरच्या पदाची वाट बंद होती. मुख्य अभियंत्याचे पद भारतीयाला मिळण्याची शक्यता नव्हती आणि त्यांच्यापुढे ज्येष्ठांची मोठी रांग होती. १९०८ मध्ये ते मुदतीआधी निवृत्त झाले आणि परदेश दौऱ्यावर निघाले. दौऱ्यात असतानाच निजाम सरकारचा निरोप आला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर येऊन हैदराबादमध्ये हजारो माणसे मृत्युमुखी पडली होती.

१९०९ मध्ये विश्वेश्वरय्या तिथे पोहोचले. त्यांनी शहरापेक्षा वरच्या खोऱ्याचा अभ्यास केला. खोऱ्यात सातशेहून अधिक लहानमोठे तलाव होते आणि त्यांतील अनेक एकामागून एक फुटल्याने पुराचा लोंढा वाढला होता. त्यांनी मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर शहराच्या वर दोन जलाशय सुचवले. यातून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. एकाच योजनेत पूर अडला आणि पिण्याचे पाणीही मिळाले. हैदराबादने पुढची कित्येक दशके या तलावांचे पाणी प्यायले.

पुढे शहर वाढून तलावांच्या काठाला भिडले. १९९६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने शासन आदेश क्रमांक १११ काढून तलावांच्या १० किलोमीटर परिसरातील ८४ गावांत प्रदूषणकारी उद्योग आणि मोठ्या वसाहतींवर निर्बंध घातले. ते हटवावेत की ठेवावेत, यावरून तिथे आजही राजकारण तापते. तलाव बांधल्यानंतर त्याचे पाणलोट राखणे हे बांधण्याइतकेच कठीण काम असते, हे त्यावरून दिसते.

उलव्याला या प्रकरणाचा आणखी एक धागा लागू होतो. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, सखल जमीन भरली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. अशा ठिकाणी पाणी आणण्याची आणि पावसाचे पाणी बाहेर काढण्याची योजना वेगवेगळ्या टेबलांवर झाली, तर दोन्ही फसतात.

कृष्णराजसागराचा पाया एवढा रुंद का बांधला?

नोव्हेंबर १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील धरणाची योजना त्यांनी पुढे रेटली. १९११ मध्ये काम सुरू झाले. खर्चाचे समर्थन करण्यासाठी त्यांनी सिंचनाबरोबर विजेचाही हिशेब मांडला. शिवनसमुद्रच्या वीज केंद्राला वर्षभर पाणी मिळाले तर कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज विकून पैसा येणार होता.

अडचण मद्रासची होती. खालच्या भागात मद्रास सरकारलाही स्वतःचे धरण हवे होते आणि म्हैसूरच्या धरणाने कावेरी डेल्टाचे पाणी कमी होईल, अशी त्यांची भीती होती. म्हैसूरला तूर्त ११ टीएमसी साठ्यापुरतीच परवानगी मिळाली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र ४० टीएमसीहून मोठ्या साठ्याच्या, म्हणजे मूळ आराखड्यातील धरणाच्या मापाने रुंद घातला. उंची पुढे वाढवता येते, पाया नंतर रुंद करता येत नाही, असा त्यामागचा विचार. चुना आणि सुरकीच्या गाऱ्यात बांधलेले हे धरण १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाले.

नियोजनाच्या पाठ्यपुस्तकात आज हेच वेगळ्या शब्दांत आढळते. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या मार्गदर्शिकेत धरणासाठी ५० वर्षे, मुख्य जलवाहिन्यांसाठी ३० वर्षे आणि पंपांच्या यंत्रसामग्रीसाठी १५ वर्षे असा कालावधी धरून आराखडा करायला सांगितले आहे. जे नंतर बदलणे अवघड ते आधीच मोठे घ्यायचे, जे बदलता येते ते टप्प्याटप्प्याने.

या पायाची दुसरी बाजूही आहे. मद्रासने लवाद मागितला, लढाई १९२४ च्या करारापर्यंत चालली. करार संपल्यावर वाद पुन्हा उफाळला. १९९० मध्ये लवाद नेमला गेला, २००७ मध्ये त्याचा निवाडा आला आणि १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. त्या निकालात बंगळूरुच्या पिण्याच्या गरजेसाठी ४.७५ टीएमसी पाणी वाढवून देण्यात आले. म्हणजे पाया घातल्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळाने या नदीतील एका महानगराचा वाटा न्यायालयात ठरला.

विश्वेश्वरय्यांच्या मर्यादा कोणत्या?

१९१२ ते १९१८ या काळात विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. बँक, विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंड कारखाना यांना त्यांच्या काळात गती मिळाली. सरकारी नोकऱ्यांत मागास समाजांना राखीव जागा देण्याच्या धोरणाशी मात्र त्यांचे पटले नाही. गुणवत्तेला प्राधान्य हवे, असे त्यांचे मत होते आणि त्या मुद्द्यावर त्यांनी दिवाणपद सोडले. त्यांच्या या भूमिकेवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते.

धरणांबाबतही हेच म्हणता येईल. आकडे, साठा, दाब, खर्च यांचा हिशेब त्यांच्याकडे अचूक असे. पण ज्यांची जमीन जाते आणि ज्यांचे पाणी वळवले जाते, त्यांचा हक्क हा त्या काळच्या अभियांत्रिकीत मुख्य आकडा नव्हता. भरपाई दिली की विषय संपला, असे मानले जाई. कावेरीचा इतिहास सांगतो, की तो संपत नाही.

अखेरची वर्षे आणि पानशेत

दिवाणपद सोडल्यानंतरही विश्वेश्वरय्या थांबले नाहीत. मुंबईतील बॅकबे भरावाच्या चौकशी समितीत त्यांनी काम केले. १९३४ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नव्वदी ओलांडल्यावर गंगेवरील मोकामा पुलाच्या जागेबाबत त्यांचा सल्ला घेतला गेला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६० मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट निघाले.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्यावर पानशेतचे संकट आले. बांधकाम पूर्ण व्हायच्या आतच भरलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासल्याचे जुने धरणही फोडले. ज्या सांडव्यावर तरुण विश्वेश्वरय्यांनी दारे बसवली होती, त्या धरणाची ही अखेर त्यांच्या हयातीत झाली. शहरात पुराने हाहाकार उडाला आणि पुढे पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. एकाच साखळीतील धरणांवर शहर विसंबले, तर वरचे निखळल्यावर खालचेही वाचत नाही, हे पुण्याने तेव्हा अनुभवले. नऊ महिन्यांनी, १४ एप्रिल १९६२ रोजी, बंगळूरुत विश्वेश्वरय्यांचे निधन झाले.

उलव्याचा हिशेब कसा मांडायचा?

माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित मानक आहे. त्या हिशेबाने एक दशलक्ष लिटर पाणी सुमारे ७,४०० माणसांना पुरते. वाटेत २० टक्के गळती धरली तर हाच आकडा ५,९०० वर येतो. म्हणजे गळती रोखणे हे नव्या धरणाइतकेच खरे पाणी आहे, आणि ते लवकर मिळते.

हेटवण्यातून सिडकोला मिळणारे पाणी दिवसाला १५० दशलक्ष लिटरवरून २७० दशलक्ष लिटरवर नेण्याची योजना आहे. जिते येथील शुद्धीकरण केंद्राचा विस्तार आणि तिथून उलव्याशेजारच्या वहाळपर्यंत भूमिगत बोगदा हा तिचा भाग. विश्वेश्वरय्यांच्या पद्धतीने पाहिले तर हा खडकवासल्याचा टप्पा झाला. असलेल्या स्रोतातून जास्तीत जास्त काढायचे. बोगदा मोठा ठेवणे हे कृष्णराजसागराच्या पायासारखे. पण एवढ्याने उलव्याचा प्रश्न सुटत नाही, कारण या पाण्याचे वाटेकरी अनेक आहेत. खारघर, द्रोणागिरी यांचीही गरज आहे. पुढे विमानतळ परिसरातील नैना क्षेत्र आणि कर्नाळा-साई-चिरनेर भागातील १२४ गावांत आखलेले नवे नगर यांचीही भर पडणार आहे.

त्याच वेळी हेटवणे ज्या पेण तालुक्यात आहे, तिथल्याच खारेपाटातील गावांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते. धरण आमच्या तालुक्यात, पाणी मात्र शहराला, ही तक्रार जुनी आहे. दुसरीकडे पेणमधीलच बाळगंगा धरण सिडकोच्या पैशातून बांधायला घेतले गेले, पण पुनर्वसन आणि इतर वादांत ते वर्षानुवर्षे रखडले. धरणाची भिंत उभी करण्यापेक्षा लोकांचा विश्वास उभा करायला जास्त वेळ लागतो आणि तो वेळ आराखड्यात धरलेलाच नसतो.

पुढे काय करता येईल?

पहिले, स्रोत एकच असू नये. हेटवणे, पाताळगंगेवरील न्हावा-शेवा योजना, मोरबे आणि पुढे होणारी धरणे जलवाहिन्यांनी एकमेकांना जोडली तर एक वाहिनी बंद पडली तरी शहर कोरडे पडणार नाही. पानशेतचा धडा हाच आहे. दुसरे, प्रक्रिया केलेले सांडपाणी बागा, बांधकाम आणि शीतकरण यंत्रांकडे वळवले तर पिण्याचे पाणी वाचते. विमानतळासारख्या मोठ्या ग्राहकाला ते सर्वांत आधी देता येते. तिसरे, इमारतीला परवानगी देताना त्या वर्षी प्रत्यक्ष उपलब्ध असलेले पाणी धरले जावे, दहा वर्षांनी येणारे नव्हे.

चौथे सर्वांत अवघड. ज्या तालुक्यातून पाणी येते, तिथल्या गावांना आधी नळ मिळाला पाहिजे. उलवे हे नाव ज्या मूळ गावाचे, ते गावही विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एक होते. या भागातील लोकांनी जमीन देण्याचा अर्थ जवळून पाहिला आहे. १९८४ मधील जासई आणि दास्तान फाट्यावरील आंदोलनात पाच जणांचा बळी गेला आणि त्यानंतर साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. जमिनीबाबत जे तेव्हा मान्य करावे लागले, ते पाण्याबाबत पेणच्या गावांसाठी आधीच मान्य करता येण्यासारखे आहे.

विश्वेश्वरय्यांनी सक्करला शहराची ऐपत पाहिली, पुण्यात गळती थांबवली, नीरेवर पाणी मोजून वाटले, हैदराबादेत खोरे पाहिले आणि म्हैसूरला पाया रुंद घातला. त्यांच्या हिशेबात जो रकाना अपुरा राहिला, तो खालच्या आणि वरच्या गावांच्या संमतीचा होता. उलव्याच्या पुढच्या ५० वर्षांच्या पाण्याचे भवितव्य बोगद्याच्या व्यासाइतकेच या रकान्यावर अवलंबून आहे.